निव्वळ वजन

माझ्या पिशवीत काळ्या दोऱ्याचं एक रीळ असतं. नर्सिंगच्या मुलींना मी शिकवायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि प्रत्येक तुकडीत एखादी चोंबडी मुलगी निघतेच. "मॅडम, हा दोरा कशाला? नजर लागू नये म्हणून?" मी म्हणते, "हो, तुमच्यासारख्यांची लागते." मग हशा पिकतो. दोऱ्याचं खरं कारण मी त्यांना पहिल्या दिवशी सांगत नाही. आधी महिनाभर बाळांची वजनं करू दे, हाताला सवय लागू दे, सवयीबरोबर थोडी घमेंड येऊ दे. ती आली की सांगते. माझी गोष्टही घमेंडीपासूनच सुरू होते.

शिक्षणाचे शेवटचे सहा महिने मला हुपरीच्या आसपासच्या एका गावात, उपकेंद्रावर पाठवलं होतं. त्या पट्ट्यात घरोघरी चांदीचं काम. सकाळी कोल्हापुरातून एसटीनं उतरून गल्लीतून चालायला लागलं की प्रत्येक उंबऱ्याच्या आतून टकटक ऐकू यायची. बायका घराच्या पुढच्या सोप्यात बसून पैंजणांना घुंगरं जोडत असायच्या आणि मान वर न करता विचारायच्या, "आलासा काय सिस्टर?" उपकेंद्राच्या सिस्टर नोकरीत पिकलेल्या, निवृत्तीला आलेल्या. गावानं आमची सरळ वाटणी करून टाकली होती. त्या मोठ्या सिस्टर आणि मी बारक्या सिस्टर. माझं वय वीस आणि तोरा चाळिशीचा.

गुरुवार लसीकरणाचा. लसींची निळी पेटी बर्फासकट आली की मोठ्या सिस्टर एकेक बाटली उजेडात धरून तिच्यावरची खूण बघायच्या, लस उन्हानं बाद झालेली नाही ना याची खात्री करायच्या आणि मग सुईला हात लावायच्या. माझ्याकडे वजन आणि कार्ड. छताच्या हुकाला गोल तबकडीचा काटा टांगलेला, खाली कापडी झोळी. बाळाला झोळीत बसवायचं, काटा स्थिरावला की आकडा वाचायचा आणि कार्डावर त्या महिन्याच्या घरात टिंब द्यायचं. दर महिन्याची टिंबं जोडत गेलं की रेघ तयार होते. रेघ वर चढली की बाळ वाढतंय, आडवी झाली की काहीतरी बिनसलंय, खाली आली तर धावपळ. कार्डावर रंगीत पट्टे असतात, त्यातला हिरवा म्हणजे ठीक.

मला टापटिपीचं भारी वेड. माझी टिंबं एका मापाची, रेघा पट्टी लावून मारलेल्या. इतर मुलींची कार्डं तालुक्याला गेली की शाईचे डाग पडलेली असायची, माझी बघून तिथले साहेब म्हणाले होते, "ही कुणी भरलीत?" ते वाक्य मी आठ दिवस सगळ्यांना ऐकवलं. मोठ्या सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, "चित्रकलेची परीक्षा दिली असतीस तर पहिली आली असतीस."

वजन करताना बाळाच्या अंगावर काही ठेवायचं नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पहिल्याच गुरुवारी एका नातवाच्या कमरेचा चांदीचा करदोडा काढायला गेले, तर त्याच्या आजीनं माझा हात धरला. "जित्याचा करदोडा काढतीस व्हय गं? शिकलीस का काय केलीस?" तिकडे माणसाच्या कमरेची दोरी काढतात ती एकदाच, तो गेल्यावर. अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. माझा सगळा रुबाब तिथेच उतरला. मी मनाशी म्हटलं, मरू दे, एवढ्याशा चांदीनं काय फरक पडतोय. पुढच्या बाळापासून मी अंगावर काय आहे ते बघणंच सोडलं. मोठ्या सिस्टर पलीकडच्या खोलीत सुया टोचत होत्या. वजन मी नीट करते असा त्यांचा विश्वास होता, आणि माझा तर होताच.

त्याच महिन्यात ती पहिल्यांदा आली. आई माझ्याच वयाची, माहेर सीमेपलीकडचं. लेकीशी कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत. नवरा तयार माल घेऊन परमुलखात फिरतीवर असायचा. घरात सासरे आणि या दोघी मायलेकी. पोरगी सहा महिन्यांची, डोळे एवढाले, कमरेला नुसता काळा दोरा. वजन सहा किलो भरलं. हिरव्या पट्ट्याच्या तळाशी, पण हिरव्यातच. मी झक्क टिंब दिलं.

सातव्या महिन्यात पोरीच्या आधी तिच्या अंगावरच्या घुंगरांचा आवाज आला. उष्टावण झालं होतं, माहेरहून करदोडा आणि पायातले वाळे आले होते. काटा सहा किलो दोनशेवर थांबला. आठव्या महिन्यात अंगावर आणखी काहीबाही चढलं होतं आणि काटा सहा चारशेवर. तीन टिंबं, दोनशे-दोनशेच्या पायऱ्या. रेघ इतकी सरळ चढली होती की मला ते कार्ड भिंतीवर लावावंसं वाटलं.

त्याच आठव्या महिन्यात, लेकीला झोळीतून काढताना, तिची आई हळूच म्हणाली, "बारक्या सिस्टर, एक विचारू? उचलताना ही हलकी लागतीया हो. आंगाला काय लागंना झालंय बगा."

मागे बारा बायका उभ्या होत्या. मी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं. "ही रेघ कुठे चाललीय? वर ना? मग हलकी कशी लागेल? उगाच शंका काढू नका."

ती कार्डाकडे बघत राहिली. तिला वाचता येत होतं, माझ्याएवढंच. पण छापील कागद आणि पांढरा कोट यांच्यापुढे तिनं स्वतःच्या हातावर विश्वास ठेवला नाही. "चुकलं माजं," म्हणाली आणि गेली.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. त्या गुरुवारी सासरेही बरोबर आले होते. कपाळाला विभूती, कानावर खोवलेली पेन्सिल, नखांत काळपट रंग बसलेला. उभा जन्म चांदी घडवण्यात गेलेला माणूस. घरात त्यांना अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायचे, म्हणून मीही अज्जाच म्हणू लागले. पोरगी आज बिनआवाजाची आली होती. सणाच्या आधी सगळी चांदी पॉलिशला टाकली होती आणि कंबर मोकळी राहू नये म्हणून काळा दोरा बांधला होता.

मी तिला झोळीत बसवलं. काटा हलला आणि थांबला. पाच किलो नऊशे.

मी काट्याला एक चापट मारली. पोरीला काढून पुन्हा बसवलं. पाच नऊशे. मी काटा हुकातून काढून झटकला, परत लावला आणि म्हणाले, "बिघडलाय मेला."

"काट्याला कशाला मारताय, बाई?" अज्जा म्हणाले. ते जवळ आले, तबकडीवर वाकून बघितलं, रिकाम्या झोळीवर काटा शून्यावर आहे याची खात्री करून घेतली. "काटा बरोबर हाय. त्यो खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतंय. मागल्या बारीला किती भरलं हुतं?"

"सहा चारशे."

"चांदीसकट?"

मी मान डोलावली. अज्जांनी डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं म्हणायला लागले. "करदोडा नव्वद ग्राम. वाळं एकशे वीस. तोडं एकशे तीस. मनगट्या सत्तर. झालं चारशे धा." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "सा चारशेतनं चारशे धा काडा. ऱ्हायलं किती?"

सहा किलोला दहा ग्रॅम कमी. त्याच्या आधीचा महिना? तेव्हा करदोडा आणि वाळे होते, दोनशे दहा. सहा दोनशेतून वजा केले तरी तेच. तीन महिन्यांत पोरीचं वजन रत्तीभर वाढलं नव्हतं, आणि आता उतरायला लागलं होतं. जे चढत होतं ते चांदीचं.

"आमी माल घेताना दोरा, मणी, लाख सगळ्याचं वजन वजा करतो," अज्जा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळे मला जास्त लागलं. "निव्वळ तेवढंच धरायचं. तुमी पोरीचं निव्वळ धरलंच न्हाईसा की." मग स्वतःशीच, "आन् म्या एवढा काट्यावरचा माणूस, मला तरी कुटं उमजलं? नातीला नटवायच्या नादात हुतो."

"मी म्हनलं हुतं की," असं तिच्या आईनं एकदा सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त लेकीला झोळीतून घेतलं आणि छातीशी धरलं.

नऊ महिन्यांची मुलगी आणि वजन सहाव्या महिन्याचं, तेही कमीच. अशा बाळाला साधे जुलाब लागले तरी ते चार दिवसांत हाताबाहेर जातं. हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आता ते बाळ माझ्यासमोर माझ्याच पेनची टोपी चावत होतं.

रांगेतली गडबड एकदम थांबली म्हणून मोठ्या सिस्टर आतून आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पोरीचे पाय अंगठ्यानं दाबून सूज आहे का पाहिलं, दंडाला मापाची पट्टी लावली. पट्टी पिवळ्यावर आली, म्हणजे कुपोषण, पण तांबड्याच्या अलीकडे. मला वाटलं, आता लस पुढे ढकलतील. त्या म्हणाल्या, "वजन कमी म्हणून लस थांबवायची नसते. अशीला तर आधी द्यायची. गोवरानं गाठलं तर ही टिकेल काय?" उजव्या दंडात लस दिली, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजला, अर्धा तास बसवून ठेवलं आणि स्वतः बरोबर जाऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा आजार दिसत नाही, भूक आहे, घरीच नीट खायला घाला आणि दर आठवड्याला वजन करा.

संध्याकाळी मी नवं कोरं कार्ड काढून बसले. खोटी टिंबं वगळून पुन्हा छान भरावं असा बेत. मोठ्या सिस्टरांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"खोडायचं न्हाय आन् नवीन बी करायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "चुकलेल्या टिंबाला गोल कर, शेजारी लिही, चांदीसकट. खरं टिंब त्याच्या खाली दे."

"कार्ड घाण दिसेल," मी म्हणाले. खरंच म्हणाले, इतकी मी मूर्ख होते.

"दिसू दे. आन् उद्यापासून त्यांच्या घरी जायचं. आईनं सांगितलेलं तू ऐकलं न्हाईस, आता बसून ऐक." एवढं बोलून त्यांनी मला चहा दिला. मी चहात रडले. त्या दुसरीकडे बघत राहिल्या.

त्यांच्या सोप्यात गेल्यावर सगळं अर्ध्या तासात कळलं. आई सकाळपासून घुंगरं जोडायला बसायची, पोरगी अज्जांच्या मांडीशी. पोरगी कुरकुरली की अज्जा कपातला चहा बशीत ओतायचे आणि बिस्किट बुडवून भरवायचे. दुपारी वरणावरचं पाणी. पोट भरल्यासारखं व्हायचं आणि ती झोपायची. लेकरू किती गुणाचं, रडत नाही, असं गल्लीत कौतुक.

"दाट वरण द्या," मी म्हणाले. "भात कुस्करून, वर तूप. नाचणीची खीर. केळं. शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. दिवसातून चार वेळा, शिवाय अंगावरचं दूध."

"दाट दिलं तर ठसका लागंल की!" अज्जा म्हणाले.

"मग बसवून द्या, घाई न करता द्या. आणि चहा बंद."

"चा बी बंद?" अज्जांना जणू त्यांचाच चहा तोडल्यासारखं वाटलं. "अवो, बशीतला हाय, कडक न्हाय."

आमची तीन दिवस खडाजंगी चालली. तेही कोल्हापूरचे, मीही कोल्हापूरची, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तिची आई खाली मान घालून हसायची. तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहत होते. तिलाच एकदा विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली, "हिला केळं आवडतंय. वरण दिलं की थुकती, गूळ लावला की खाती. ह्ये मला ठावं हाय." मग आम्ही तिचंच ऐकलं.

चौथ्या दिवशी गेले तर अज्जांनी माझ्यापुढे एक चांदीची वाटी ठेवली. तळव्यात मावेल एवढी, कड गुळगुळीत घासलेली. रात्रंदिवस लोकांची पैंजणं करणाऱ्या हातांनी नातीसाठी पहिल्यांदाच अंगावर न घालायची वस्तू केली होती. "दिसातनं चार बारी ही रिकामी व्हायाला पायजे," ते म्हणाले, "तवर सोप्यातलं काम बंद." आणि खरोखर त्या घरातली टकटक दिवसातून चार वेळा थांबायला लागली. शेजारणी विचारायच्या, "आज काय सुटी हाय व्हय?" अज्जा ओरडून सांगायचे, "नात जेवतीया!"

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. दहाव्या महिन्यात तिला सर्दी-ताप झाला, खाणं सुटलं, कसंबसं सहा किलो भरलं. त्या आठवड्यात मला एसटीत झोप लागायची नाही. खिडकीतून ऊस दिसायचा आणि मी मनात चमचे मोजायचे. मी देवाधर्माच्या फारशी वाटेला न जाणारी, पण त्या आठवड्यात त्यांच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडून आले आणि कुणाला सांगितलं नाही.

मधल्या काळात गुरुवारची रांगही बदलली. माझ्याकडे रीळ आलं. प्रत्येक बाळाच्या आजीला मी म्हणायचे, "कंबर मोकळी ठेवायची नाही ना? नाही ठेवत. हा दोरा आधी बांधा, मग चांदी काढा." पहिल्या दिवशी माझा हात धरणारी आजी सगळ्यांत आधी तयार झाली. "हे आदी का सांगिटलं न्हाईस?" वर मलाच दटावलं. आणखी दोन बाळांची टिंबं खाली आली, ती आम्ही वेळेत धरली.

माझा शेवटचा गुरुवार आला तेव्हा पोरगी अकरा महिन्यांची झाली होती. तिघंही आले. पोरगी अज्जांच्या खांद्यावर बसून त्यांची टोपी ओढत होती. आईनं तिचं झबलं उतरवलं. कमरेला फक्त दोरा. ती लेकीला झोळीत बसवायला वाकली, तेव्हा मी तिला थांबवलं. काट्याची तबकडी हातानं झाकली.

"आधी तुम्ही सांगा," मी म्हणाले. "किती भरेल?"

ती गोंधळली. "मी काय सांगू? तुमी बगा की."

"मी आठव्या महिन्यात बघितलंच होतं. तुम्ही सांगा."

तिनं अज्जांकडे पाहिलं. अज्जा म्हणाले, "हेळव्वा." बोल गं. मग तिनं लेकीला दोन्ही हातांवर घेतलं, किंचित वर उचललं, क्षणभर तोललं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. "सा चारशे," ती म्हणाली. "जास्ती न्हाय."

मी पोरीला झोळीत ठेवलं आणि तबकडीवरचा हात काढला. काटा डुलला, थांबला. सहा चारशे.

मी कार्ड घेतलं. अकराव्या महिन्याच्या घरात टिंब दिलं. ते बरोबर त्या आठव्या महिन्याच्या गोल केलेल्या खोट्या टिंबाच्या उंचीला आलं होतं, तीन घरं उशिरा. अजून ती हिरव्या पट्ट्यात नव्हती, बरंच चढायचं बाकी होतं. पण रेघ चढती होती. माझ्या हातानं मारलेली ती सगळ्यांत वेडीवाकडी रेघ असेल. पट्टी घ्यायचं सुचलंच नाही.

कार्ड परत देताना मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. माझं चुकलं."

तिनं कार्ड घडी घालून पिशवीत ठेवलं, लेकीला उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बगा, आता जड लागती का न्हाय?"

जड लागत होती.